नदीकाठची ओटी

देव नाही असं मला कधीच वाटलं नाही. तो आहे, आणि त्यानं माझं ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं, असं वाटत होतं. नास्तिक माणसाला निदान रागवायला कुणी नसतं. मला होतं. त्यामुळे मी दोन वर्षं सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत रागावलेली असे, आणि तो राग आल्यागेल्याला दिसू नये म्हणून फार नीटनेटकी राहत असे.

ह्यांना कावीळ झाली तेव्हा आम्हाला चंडीगढला येऊन चार वर्षं झाली होती. केंद्र सरकारची नोकरी, बदलीचं गाव, सेक्टर बावीसमधलं क्वार्टर. परदेशात डेप्युटेशनवर जायचं ह्यांचं नुकतंच ठरलं होतं. मुलीसकट आम्हा तिघांचे पासपोर्टसुद्धा दिल्लीहून करून आणले होते. आणि मग इथल्या मोठ्या हॉस्पिटलात एकोणीस दिवस. वॉर्डाबाहेर जिन्याच्या वळणावर रिकामी स्ट्रेचरं उभी करून ठेवलेली असत. त्यांच्या आडोशाला रोज संध्याकाळी उभी राहून मी आमच्या कुलस्वामिनीपुढे पदर पसरत असे. बोलण्यातला पदर नव्हे, खराखुरा, दोन्ही हातांनी धरून. माझी ओटी भरलेली राहू दे, एवढंच मागत असे. विसाव्या दिवशी, हे गेल्यावर, मी तो पदर कमरेला खोचला आणि ठरवलं, आता पुन्हा कुणापुढे पसरायचा नाही. देवापुढे नाही आणि माणसापुढे तर नाहीच नाही.

सांगलीहून भाऊ न्यायला आला होता. त्याला परत पाठवलं. ह्यांच्याच ऑफिसात मला कारकुनाची जागा मिळाली, ती घेतली, कारण ती हक्काची होती, उपकाराची नव्हती. शेजारच्या बीजी फार मायाळू बाई. त्यांचे यजमान रेल्वेतून निवृत्त झालेले, मुलगा फौजेत, घरात दोघंच. त्या कधी कढी पाठवायच्या, कधी मक्याची रोटी. आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत हे खरं, पण मी तर तासाभराच्या आत त्यात काहीतरी घालून परत करत असे, जणू ते भांडं घरात राहिलं तर चटका बसेल. माझी नंदिनी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळे, पण बोले हिंदीतच. एकदा तिनं विचारलं, "आई, आप बीजी से नाराज़ हो क्या?" मी म्हटलं, गप्प बस, अभ्यास कर. देव्हाऱ्यातले देव जागच्या जागी होते. रविवारी मी त्यांच्यावरची धूळ पुसत असे, पण दिवा लावत नसे.

चंडीगढमध्ये तेव्हा मराठी घरं मोजकी. आमचं एक महिला मंडळ होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं घरोघर जायचं, ते आमचं दार सोडून पुढे जाऊ लागलं. कुणी वाईट मनानं केलं नव्हतं. सवाष्णींचा समारंभ, तिला बोलावून उगाच कशाला दुखवा, असाच विचार असणार. पण बाहेरून पावलांचा आवाज यायचा, माझ्या दाराशी थोडा थबकायचा आणि पुढच्या घराकडे जायचा. तो थबकलेला आवाज मी वर्षभर विसरत नसे.

त्या वर्षी बांगलादेशात मोठा पूर आला. देश नवाच होता, अजून धड उभाही राहिला नव्हता. गावातल्या बंगाली घरांनी मदत गोळा करायला सुरुवात केली, तेव्हा आमच्या मंडळाच्या अध्यक्षा मालतीताई यांनी आम्हीही सोबत आहोत असं जाहीर करून टाकलं. मालतीताई नाशिकच्या, पन्नाशीच्या, बोलणं तोंडावर आणि हात सढळ. त्यांच्या अंगणात दुपार दुपार बसून बायकांनी चकल्या आणि करंज्या केल्या. पंजाबी बायका आपल्या खाऱ्या पुऱ्यांवरून त्या चकल्यांना 'वो गोल वाली मट्ठी' म्हणत आणि पिशव्या भरभरून नेत. रक्कम चांगली जमली. दत्तादीदींचा भाऊ ढाक्यात एका मदत समितीत काम करत होता. या दीदी बंगाली घरांतल्या पुढाकार घेणाऱ्या, जन्म त्याच बाजूच्या एका गावातला. पैसे नुसते पाठवू नयेत, चार माणसांनी जाऊन हातात द्यावेत आणि डोळ्यांनी बघून यावं, असं त्यांचं म्हणणं पडलं. प्रत्येकीनं आपला खर्च आपण करायचा. परवानगीचे कागद झाले. मग लक्षात आलं की मंडळात पासपोर्ट असलेल्या बायका दोनच. एक मालतीताई, त्यांचा लेक परदेशी होता म्हणून. आणि दुसरी मी.

दोन वर्षांत पहिल्यांदा मालतीताई माझ्या दाराशी थांबून आत आल्या. "तुझा पासपोर्ट आहे ना ग अजून?" त्यांनी विचारलं. मी लगेच हो म्हटलं. पूरग्रस्तांची दया आली म्हणून हो म्हटलं असं लिहिलं तर चांगलं दिसेल, पण ते खरं नाही. मला देणारीच्या बाजूला उभं राहायचं होतं. ज्यांनी दोन वर्षं माझी कीव केली त्यांच्यासमोर, देणारी म्हणून. नंदिनीला बीजींनी मी विचारायच्या आधीच स्वतःच्या घरी नेलं. मला तेवढंही मागावं लागलं नाही, याचं मला बरं वाटलं.

निघायच्या आदल्या दिवशी मंडळाच्या बायका जमल्या. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू अशी एक पिशवी तयार होती. आमच्याकडे सांगलीला कृष्णामाई घाट चढून वर आली की बायका तिची ओटी भरतात, मालतीताईंच्या नाशिकला गोदावरीची भरतात. माहेरवाशिणीचा मान घे आणि शांत हो, असं नदीला सांगायचं. तिकडच्या नदीचीही ओटी भरायची, असं सगळ्यांनी एकमतानं ठरवलं. कुणालाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. मलाही नाही. कालका मेलनं मालतीताई, दत्तादीदी आणि मी अशा आम्ही तिघी कलकत्त्याला निघालो. डब्यात मालतीताईंनी जड सुटकेस मला उचलायला दिली, फराळाचे डबे दिले, पण ती पिशवी दोन रात्री स्वतःच्या मांडीजवळ ठेवली. नकळतच असेल. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

कलकत्त्याहून विमानानं ढाका. मी जन्मात पहिल्यांदा विमानात बसले, आणि खाली जमिनीऐवजी पाणीच पाणी दिसलं. तिथे समितीच्या लोकांनी आमचं फार आदरानं स्वागत केलं. मंडळाचा ड्राफ्ट मालतीताईंनी त्यांच्या हाती दिला, एक फोटो काढला गेला, चहा झाला. ज्या कामासाठी देशाबाहेर आलो ते अर्ध्या तासात संपलं. फोटोत मी मान ताठ करून उभी असणार, मला खात्री आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तादीदींच्या भावानं आम्हाला लाँचमधून एका गावच्या छावणीत नेलं. शाळेची इमारत होती. आत भिंतीवर पाण्याची रेघ फळ्याच्याही वर उमटलेली. पूर ओसरला होता, पण चिखल आणि वास तसाच होता. आवारात तांदळाची पोती उतरवली होती आणि बायकांची लांबच लांब रांग नदीच्या घाटापर्यंत आलेली. त्या दिवशी वाटपाला आम्हीही हात लावायचा होता. "आधी नदीची ओटी," मालतीताई म्हणाल्या, आणि पायरीवर बसून त्यांनी पिशवी सोडली. पाण्याला हळदकुंकू वाहिलं. मग एकेक मूठ तांदूळ घेऊन नदीत सोडले. एक, दोन, तीन, चार, पाच. रांगेतल्या बायका आमच्याकडे बघत होत्या. आधी कुतूहलानं, मग वेगळ्याच नजरेनं. नारळ मालतीताईंच्या हातात होता तेवढ्यात एक म्हातारी रांग सोडून तरातरा खाली आली आणि ओरडून काहीतरी म्हणाली. मी विचारलं, "क्या कह रही हैं, दीदी?"

दीदी हळूच म्हणाल्या, "कहती है, इस नदी ने मेरा आदमी लिया, घर लिया। हम भूखे खड़े हैं और तुम लोग इसी को चावल खिलाने आए हो?"

मालतीताईंचा हात नारळासकट तसाच राहिला. चंडीगढच्या इतक्या बायकांत, तिथून इथपर्यंतच्या सगळ्या वाटेवर, ही साधी गोष्ट एकीच्याही डोक्यात आली नव्हती. आमच्यासाठी नदी माय होती. समोरच्या बाईसाठी ती काय होती, हे विचारायचंच राहून गेलं होतं. आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. मालतीताईंचा तो पडलेला चेहरा बघून मला क्षणभर बरं वाटलं. ज्या पिशवीला मला हात लावू दिला नाही, ती चारचौघांत अशी उघडी पडली म्हणून. त्या उपाशी बाईसमोर उभं राहून मला हे वाटलं. आजही आठवलं की स्वतःची शरम वाटते.

मालतीताई उठल्या, तिच्यासमोर हात जोडले आणि मराठीतच म्हणाल्या, "चुकलं हो बाई माझं." त्यांनी नारळ आणि खण तिच्या हातात दिला. तिला शब्द कळले नसणार, पण ओरडणं थांबलं. ती नारळ घेऊन परत रांगेत आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

मग तीन तास आम्ही तांदूळ वाटले. माझ्या हातात एक पत्र्याचं माप होतं. समोरची बाई पदर पुढे करायची, मी माप रिकामं करायचं, ती गाठ मारून बाजूला व्हायची. फाटके पदर, ओले पदर, चिखलानं कडक झालेले पदर. एकीमागून एक. सुरुवातीला मी त्यांच्याकडे न बघता माप ओतत होते, कारण मला वाटलं, त्यांना लाज वाटत असेल. नंतर बघितलं. लाज कुणाच्याच चेहऱ्यावर नव्हती. त्यांना भूक होती, घरी लेकरं होती, समोर तांदूळ होता, म्हणून त्यांनी पदर पुढे केला होता. घेऊन झालं की काही जणी माझ्या हाताला हलकेच हात लावत आणि जात. मी दोन वर्षं ज्या गोष्टीला कमीपणा समजत होते ती त्या इतक्या सहज करत होत्या, की मला आपल्या ताठ मानेचं काय करावं ते कळेना. ती म्हातारीही आली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, मीही नाही.

दुपारी परत निघायची वेळ झाली. लाँचनं भोंगा दिला. मी फळीवर पाय ठेवणार इतक्यात मागून कुणीतरी माझा दंड धरला. तीच म्हातारी. पदराची गाठ सोडत ती म्हणाली, "आँचल पातो, मा." मला बंगाली येत नाही, पण ती पदर पसर म्हणतेय हे दीदींनी सांगायच्या आधीच कळलं. मी मागे सरकले. "नहीं, नहीं," म्हणाले. तिच्या वाट्याला आलेला तो तांदूळ, मीच मापानं घातलेला. तो मी कसा घ्यायचा? मी दीदींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "मना मत करो। इसका घर बह गया है। कितने दिन बाद आज इसके हाथ में किसी को देने लायक कुछ आया है।"

मी पदर पुढे केला. दोन्ही हातांनी धरून, जिन्याच्या वळणावर धरत असे तसाच. तिनं ओल्या, सुरकुतलेल्या हातानं मूठ भरली आणि माझ्या पदरात घातली. मग दुसरी. मी बघत राहिले. तिसरी. चौथी. पाचवी मूठ जरा लहानच होती, कारण तिच्याकडे फारसा उरला नव्हता. मग तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि चिखल तुडवत निघून गेली. तिला माहीत नव्हतं की आमच्याकडे याला काय म्हणतात. तिला हेही माहीत नव्हतं की माझी ओटी दोन वर्षांत कुणी भरली नव्हती, भरत नसतात, आणि तिच्यासारख्या विधवेनं माझ्यासारखीची तर नाहीच नाही. मालतीताई लाँचच्या कठड्याला धरून सगळं बघत होत्या. मी रडायला लागले. ह्यांच्या मागे मी लोकांसमोर रडले नव्हते, त्या दिवशी सगळ्या लाँचसमोर रडले. पदर हातात होता, त्यामुळे डोळेही पुसता येईनात.

लाँच सुटल्यावर मी दीदींना विचारलं, तुम्ही तिला काही सांगितलं होतं का? पाच मुठींचं? त्या म्हणाल्या, मी तर सारा वेळ तुझ्याबरोबर पोत्यापाशी होते, आणि तुमची ही पद्धत मला तरी कुठे माहीत होती? म्हातारीनं सकाळी मालतीताईंचा हात बघितला असेल, मुठी मोजल्या असतील. तसंच असेल. मी त्यावर कुणाशी वाद घालत नाही. मला फक्त एवढं ठाऊक आहे की हॉस्पिटलच्या जिन्यावर मी जे मागितलं होतं त्याचं उत्तर मी ऐकायला तयारच नव्हते. ह्यांना परत दे, हे एकच उत्तर मला चालणार होतं. ते मिळालं नाही, आणि ते का मिळालं नाही हे मला आजही कळलेलं नाही. पण कुणीतरी माझ्या पदरात काही घालायला तयार होतं, आणि मी पदर खोचून बसले होते, हेही तेवढंच खरं होतं.

तो तांदूळ ओलसर होता, टिकला नसता. संध्याकाळी दीदींच्या भावाच्या घरी त्याचा मऊ भात केला. वर मीठ आणि थोडं तूप. आम्ही तिघींनी खाल्ला. मालतीताईंनी पहिला घास घेण्यापूर्वी ताटाला हात लावून तो कपाळाला लावला आणि बराच वेळ डोळे मिटून बसल्या.

परतीच्या गाडीत कानपूर गेल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "संक्रांतीला तुला बोलावलं नाही मी. तुला वाईट वाटू नये म्हणून."

"वाईट वाटलंच होतं," मी म्हटलं.

"हं," त्या म्हणाल्या. "आठवड्यानं नवरात्र बसतंय. अष्टमीच्या पूजेला ये. आणि नंदिनीला आण. आणि मागे बसायचं नाही, सांगून ठेवते." मी मान हलवली. एरवी मी काहीतरी कारण काढलं असतं.

पुढे आयुष्यात अडचणी काही संपल्या नाहीत. बदली झाली, नंदिनीचं आजारपण झालं, भावाशी दुरावा आला नि मिटला. देवीपाशी मी नंतरही पुष्कळ मागितलं, त्यातलं काही मिळालं, काही नाही. शरणागती म्हणजे हात जोडून गप्प बसणं, असं मला लहानपणापासून वाटायचं. त्या नदीकाठी वेगळंच कळलं. जे येईल ते, ज्याच्या हातून येईल त्याच्या हातून, आपल्या पसंतीचं नसलं तरी घेता येणं. देणं मला फार सोपं जात होतं, त्यात मी वर असे. घेण्यासाठी वाकावं लागतं, आणि मला वाकवायला देवीनं एका उपाशी, परक्या म्हातारीला पाठवलं, असं मी मानते. तिचं नाव मला माहीत नाही. तिच्यासाठी मी रोज हात जोडते.

चंडीगढला पोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. स्टेशनवरून रिक्षानं थेट बीजींच्या दारात उतरले. नंदिनी त्यांच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून पराठा खात होती. बीजी तव्यापाशी होत्या. नेहमीची मी असते तर दारातूनच म्हटलं असतं, चल नंदिनी, त्रास दिलास ना फार, आणि कलकत्त्याहून आणलेली मिठाई आधी पुढे केली असती. मी चपला काढल्या आणि आत गेले.

"बीजी," मी म्हटलं, "बहुत भूख लगी है। कुछ खाने को दोगी?"

बीजींनी वळून बघितलं. त्यांच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. मग म्हणाल्या, "पहले हाथ-मुँह धो ले, पुत्तर," आणि घाईनं तव्यावर दुसरा पराठा टाकला. मी नंदिनीशेजारी मांडी घालून बसले. ती माझ्याकडे बघतच राहिली. माझा पराठा व्हायला अजून वेळ होता. तिनं आपल्या ताटातला अर्धा पराठा तोडून माझ्यापुढे धरला, आणि मी तो घेतला.